निळ्या-सोनेरीपासून निळ्या-गुलाबीपर्यंत : दोन रंगांच्या फुग्यांचा इतिहास

आजचा धागा फुग्यांच्या सजावटीवर आहे. विषय पोरकट वाटेल, पण या धाग्यात एक राजा, एक उद्ध्वस्त कारखाना, एक सूर्यग्रहण आणि एक भारतीय कायदा येणार आहे. तेव्हा थोडा धीर धरावा.

सभागृहाच्या दाराशी फुग्यांची कमान उभी असते. तिच्यात बहुधा दोनच रंग असतात आणि त्या दोन रंगांवरून आत काय चालले आहे, हे पायरी चढण्याआधीच कळते. काळा-सोनेरी दिसला की कुणाची तरी पन्नाशी किंवा निवृत्ती. लाल-पांढरा दिसला की लग्नाचा वाढदिवस. निळा-गुलाबी दिसला की डोहाळजेवण किंवा बारसे. आमंत्रणपत्रिका वाचण्याची गरजच उरत नाही. दोन रंगांत मजकूर लिहिण्याची ही लिपी फुग्याहून जुनी आहे, आणि फुगा जन्माला आला तोच ही लिपी अंगावर घेऊन आला. त्या मजकुराचा लेखक मात्र काळागणिक बदलत गेला. कधी तो राजा होता, कधी शहर, कधी व्यापारी. आज तो मजकूर आपण स्वतः लिहितो, निदान तशी आपली समजूत आहे.

प्रारंभ १७८३ सालापासून करू. फ्रान्समधील आनोने या गावी कागद तयार करणाऱ्या घराण्यातील जोसेफ आणि एतिएन मोंगोल्फिए या बंधूंनी ४ जून रोजी गरम हवेने भरलेला एक प्रचंड फुगा लोकांसमोर उडवून दाखवला. कापडाला आतून कागदाचे अस्तर, आणि कापडाचे तुकडे एकमेकांना चक्क गुंड्यांनी जोडलेले. त्यात शोभेचा भाग काहीच नव्हता. वार्ता पॅरिसला पोहोचली, विज्ञान अकादमीने बोलावणे धाडले, आणि एतिएन राजधानीत येऊन उतरला तो झाँ-बातिस्त रेव्हेयों या आपल्या मित्राकडे.

हा रेव्हेयों म्हणजे भिंतींवर चिकटवण्याच्या छापील कागदाचा फ्रान्समधील नामांकित कारखानदार. शहराच्या पूर्वेकडील सँ-आंत्वान या कामगारवस्तीत त्याची हवेली आणि तिला लागूनच कारखाना. तीनशेच्या वर माणसे तेथे कामाला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांना शोभा आणणारे त्याचे कारागीर आता फुग्याच्या कामाला लागले. पहिला फुगा १२ सप्टेंबरला अकादमीच्या सभासदांपुढे त्याच्याच बागेत फुगवण्यात आला आणि नेमका मुसळधार पाऊस आला. कागदाचा लगदा झाला. राजापुढील प्रयोग मात्र एका आठवड्यावर येऊन ठेपला होता. रेव्हेयोंच्या माणसांनी अवघ्या काही दिवसांत, या वेळी कापडाचा, दुसरा फुगा उभा केला.

१९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांच्या साक्षीने तो आकाशात गेला. खालच्या पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. उड्डाण आठ मिनिटांच्या आसपास टिकले आणि तिन्ही प्रवासी जिवंत परतले. शाळेच्या पुस्तकात गोष्ट येथे संपते. आपल्याला हवे आहे ते फुग्याचे अंग: आकाशी निळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर सोनेरी नक्षी. त्यानंतर दोन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद यांना घेऊन पॅरिसवरून गेलेला, माणसांना मोकळ्या आकाशात नेणारा पहिला फुगाही याच धाटणीचा होता. निळ्यावर सोनेरी लिलीची फुले, राशिचक्राची चिन्हे, राजाची आद्याक्षरे आणि तेजाने फाकलेले सूर्यमुख. तुमच्या दिवाणखान्यातील निळ्या-सोनेरी सजावटीचा पूर्वज शोधायचा असेल, तर तो हा.

निळा आणि सोनेरी हीच जोडी का? रेव्हेयोंला ती सुंदर वाटली म्हणून नव्हे. निळ्या ढालीवर सोनेरी लिलीची फुले हे फ्रान्सच्या राजघराण्याचे कुलचिन्ह होते. फुगा राजासमोर उडणार, तर त्याने राजाचेच रंग ल्यावेत, हे सांगण्याचीही आवश्यकता नव्हती. आकाशाला प्रथम गवसणी घातली ती राजाच्या नाममुद्रेने.

येथे थोडे थांबून युरोपीय ढालींचे शास्त्र पाहू, कारण दोन रंगांच्या सजावटीचे व्याकरण तेथेच घडले. मध्ययुगात सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात झाकलेला असे. समोरचा आपला की परका, हे ओळखण्याचे साधन म्हणजे ढाल आणि निशाण. म्हणून ढालीच्या रंगांचे दोन वर्ग कल्पिले गेले. सोने आणि रुपे, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे 'रंग'. नियम एकच: धातूवर धातू चढवू नये, रंगावर रंग चढवू नये. निळ्यावर सोने चालेल, लालवर रुपे चालेल. निळ्यावर काळा चालणार नाही. हा नियम सौंदर्यशास्त्राचा वाटतो, पण मुळात तो नजरेच्या पल्ल्याचा आहे. गडद पृष्ठभागावर उजळ चिन्ह असले तरच ते धुळीतून, दुरून, धावत्या घोड्यावरून दिसते. आज सजावटवाल्यांकडे ज्या जोड्या सर्वाधिक खपतात त्या आठवून पाहा: काळा-सोनेरी, निळा-सोनेरी, लाल-पांढरा, जांभळा-रुपेरी. प्रत्येक जोडीत एक धातू आणि एक रंग. आठशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांचा नियम आपण नकळत पाळत आहोत. (निळा-गुलाबी ही जोडी मात्र या नियमात बसत नाही. तिच्याकडे पुढे येऊच.)

ढालीवरील रंग मग सरदाराच्या चाकरांच्या अंगरख्यावर उतरले. घराण्याचे दोन रंग ज्याच्या अंगावर, तो त्या घराण्याचा माणूस. मेजवानी असो वा मिरवणूक, मंडप, पताका, फिती सगळे त्याच दोन रंगांत. म्हणजे दोन रंगांची सजावट आधी मालकी सांगत असे. आनंद हा नंतरचा भाग.

आता रेव्हेयोंची पुढची कथा, कारण ती न सांगता हा फुगा खाली उतरवणे अन्यायाचे होईल. सहा वर्षे गेली. १७८९ चा वसंत ऋतू. मागचा हिवाळा जीवघेणा, पिके बुडालेली, पावाचे भाव गगनाला भिडलेले. २३ एप्रिल रोजी मतदारांच्या एका सभेत रेव्हेयों बोलला, की पाव स्वस्त झाला पाहिजे, म्हणजे मजुरीही उतरवता येईल. वस्तीत बातमी पोहोचली ती निम्मीच: कारखानदार मजुरी पंधरा सूंवर आणणार! वास्तविक हा इतरांच्या मानाने बरा मालक होता. कारखाना बंद पडला त्या दिवसांतही त्याने आपल्या माणसांना काही पैसे दिले होते. पण उपाशी पोटाला अर्धे वाक्यच ऐकू येते. २७ आणि २८ एप्रिलला जमाव उसळला. हवेली फोडली, कारखान्यातील कागद, रंग, सामान रस्त्यावर आणून जाळले, तळघरातील दारू पिऊन टाकली. सैन्याने गोळ्या झाडल्या. अनेक माणसे मेली. ज्या बागेतून माणसाने दोराने बांधलेल्या फुग्यात पहिल्यांदा जमीन सोडली होती, तीच ही जागा. रेव्हेयों जीव घेऊन पळाला आणि आश्रयाला गेला तो कोठे, तर बास्तीयच्या किल्ल्यात! अडीच महिन्यांनी तोही किल्ला पडला. रेव्हेयों पुढे इंग्लंडला निघून गेला.

बास्तीय पडण्याच्या आदल्या दोन दिवसांत पॅरिसमध्ये रंगांचे जे नाट्य घडले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. १२ जुलैला कामीय देमूलाँ या तरुण वकिलाने जमावाला शस्त्र उचलण्याचे आवाहन केले, तेव्हा लोकांनी झाडाची हिरवी पाने तोडून टोपीत खोवली. हिरवा हा आशेचा रंग. पण दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले, की हिरवा हा राजाचा भाऊ आर्तुआ याच्या चाकरांचा रंग आहे! आर्तुआ तर लोकांच्या द्वेषाचा धनी. हिरवी पाने तत्काळ फेकली गेली आणि त्यांच्या जागी पॅरिस शहराचे दोन रंग आले, लाल आणि निळा. १७ जुलैला सोळाव्या लुईला पॅरिसच्या नगरभवनात येऊन तो बिल्ला स्वतःच्या टोपीला लावून घ्यावा लागला. त्या दोहोंमध्ये राजाचा पांढरा मिळून पुढे तिरंगा झाला, हे सर्वविदित आहे. ज्या राजासमोर निळा-सोनेरी फुगा उडाला, त्याच राजाच्या टोपीवर सहा वर्षांत लाल-निळा बिल्ला आला. क्रांती आपण घोषणांवरून आणि गिलोटिनवरून मोजतो. ती रंगांवरूनही मोजता येते.

हा झाला राजाचा आणि शहराचा फुगा. तो तुमच्या-आमच्या घरी आला तो रबराच्या वाटेने, आणि त्या वाटेचे पहिले पाऊलही १७८३ मध्येच पडले आहे. मोंगोल्फिए बंधू गरम हवेच्या मागे असताना झाक शार्ल या भौतिकशास्त्रज्ञाने हायड्रोजनचा मार्ग धरला. हायड्रोजन इतका विरळ, की साध्या कापडातून निसटून जातो. तेव्हा रॉबेर बंधू या कारागिरांनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून त्याचा लेप रेशमाला दिला. रेशमाच्या पट्ट्या त्यांनी आळीपाळीने जोडल्या होत्या: एक लाल, एक पांढरी. पण लेप वाळला आणि पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या. लाल-पांढरा म्हणून योजलेला फुगा लाल-पिवळा होऊन बसला. रबराने पहिल्याच दिवशी रंगयोजनेत ढवळाढवळ केली, ती आजतागायत थांबलेली नाही. ते पुढे दिसेल.

हा फुगा २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानावरून माणसाविना सुटला आणि पाऊण तासाने गोनेस या खेड्याजवळ पडला. आकाशातून पडलेली, सुसकारे टाकणारी, उग्र वासाची ती लाल-पिवळी वस्तू पाहून गावकऱ्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी तिला काट्या-कुऱ्हाडींनी भोसकून ठार केले. पुढे सरकारला जाहीर सूचना काढावी लागली, की आकाशात असे काही दिसल्यास भिऊ नये. गावकऱ्यांना हसणे सोपे आहे; पण कोणाचे रंग ते ठाऊक नाहीत आणि हेतूही ठाऊक नाही, अशी वस्तू अंगणात उतरली तर आपणही फार वेगळे वागलो नसतो.

मुलांच्या हातातील रबरी फुगा मात्र प्रयोगशाळेत जन्मला. १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे हायड्रोजनवर प्रयोग करीत होता. त्याला वायू साठवण्यासाठी पिशवी हवी होती. त्याने कच्च्या रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवले, कडा दाबून चिकटवल्या आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ भुरभुरले. पोळीला लावतात तसे! झाला फुगा. पुढच्याच वर्षी टॉमस हँकॉकने रबराच्या द्रावणाची बाटली आणि हवा भरण्याची पिचकारी असा घरच्या घरी फुगे करण्याचा संच विकायला काढला. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ. गंधक मिसळून तापवल्यास रबर टिकाऊ होते, हा शोध अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये लागला, आणि १८४७ मध्ये लंडनच्या इन्ग्रॅमने अशा पक्क्या रबराचे खेळण्यातले फुगे बाजारात आणले.

तरीही हे फुगे जाड आणि महाग होते. खरी क्रांती १९३१ मधील, मंदीच्या काळातील. अमेरिकेत नील टिलटसन या तरुण रसायनज्ञाने, कारखान्यातले काम थांबलेले असताना, रबराच्या झाडाचा पातळ चीक, म्हणजे लॅटेक्स, थेट वापरून पाहिला. पुठ्ठ्याचा मांजराच्या तोंडाचा साचा कापला, तो चिकात बुडवला, वाळवला, सोलून काढला आणि फुगवला. मांजर, कानांसकट! एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मिरवणुकीत असे फुगे विकले गेले आणि एक उद्योग उभा राहिला. (हाच टिलटसन पुढे न्यू हॅम्पशरमधील डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत राहून, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मध्यरात्री पहिले मत टाकणारा म्हणून प्रसिद्ध झाला. इतिहासात अशी माणसे दोनदा भेटतात.)

साचा बुडवण्याच्या या पद्धतीमुळे दोन रंगांची सजावट सर्वांच्या आवाक्यात आली. रंग चिकातच मिसळलेला असतो. एका हौदाचा एक रंग. नक्षी नाही, छपाई नाही, फक्त रंग. एकेक फुगा मुका असतो. बोलायचे तर दोन हौदांतले फुगे शेजारी ठेवावे लागतात. आणि येथेच रबर पुन्हा आपला हात दाखवते. फुगा फुगला की तेवढाच रंग कितीतरी मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणून पाकिटातला गर्द निळा भिंतीवर फिकट होतो. अनुभवी सजावटकार त्यावर एका फुग्यात दुसरा फुगा घालून दोन्ही एकत्र फुगवतो. मग रंग पुन्हा खोल दिसतो.

फुगा वर का जातो, याची थोडी कथा आपल्या कोकणात येते. हायड्रोजन स्वस्त, पण ठिणगी पडली की स्फोट. सुरक्षित पर्याय म्हणजे हेलियम, आणि हेलियमच्या जन्मदिनाचा उत्सव दर वर्षी १८ ऑगस्टला सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावर होतो. तेथील 'साहेबांचे ओटे' दाखवून सांगितले जाते, की १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियरने येथूनच हेलियम शोधला. सूत्राच्या वाचकांनी येथे काळजीपूर्वक वाचावे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले, हे खरे. सूर्याच्या कडेवरील तेजस्वी रेषांचे त्या दिवशीचे गाजलेले निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर झान्सेनने केले ते गुंटूरहून. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, तिकडूनच पाहिली. मग विजयदुर्गाची कथा खोटी का? तीही नाही. लॉकियर विजयदुर्गावर खरोखर आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. लोकस्मृतीने तीस वर्षांचे अंतर पुसून टाकले, इतकेच. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तोही १८९५ मध्ये, विल्यम रॅमझीच्या प्रयोगशाळेत.

अर्थात सभागृहातील कमानीला हेलियम लागत नाही. ती साध्या हवेची असते, आणि तिची रचना हे एक छोटे गणित आहे. दोन फुग्यांच्या मानेची गाठ मारली की जोडी. दोन जोड्यांना एकमेकींत पीळ दिला की चौकडी. चौकडीत दोन फुगे एका रंगाचे, दोन दुसऱ्या रंगाचे. खांबावर चौकडीवर चौकडी बसवत गेले, की वरचा प्रत्येक फुगा खालच्या दोहोंच्या खाचेत बसतो, म्हणजे प्रत्येक थर एक-अष्टमांश फेऱ्याने वळतो. नेहमी एकाच दिशेने वळवले, की रंग खांबाभोवती पिळासारखा चढत जातो आणि आठ थरांनी मूळ जागी येतो. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवले, की पीळ मोडून नागमोडी पट्टा होतो. सारे फुगे एकाच मापाचे हवेत. त्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला गोल भोक पाडून प्रत्येक फुगा त्यातून तपासतात. या धाटणीच्या कमानी आणि खांब रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेतील ट्रेब हायनिंगला देतात. पंधराव्या वर्षी डिस्नेलँडमध्ये फुगे विकणाऱ्या या मुलाने १९७९ मध्ये फुग्यांच्या सजावटीचाच व्यवसाय काढला. दोनच रंग असले की पीळ दुरून स्वच्छ दिसतो. तिसरा आला की डोळा चुकतो, चौथा आला की नुसती जत्रा.

आता ती नियमाबाहेरची जोडी, निळा आणि गुलाबी.

मुलगा म्हणजे निळा आणि मुलगी म्हणजे गुलाबी, हे अनादी आहे असे आपल्याला वाटते. ते शंभर वर्षांचेही नीट नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील तान्ह्या मुलांना, मुलगा असो की मुलगी, पांढरे झगे घालत, कारण पांढरे कापड उकळून धुता येते. फ्रँकलिन रूझवेल्टचे १८८४ मधील छायाचित्र पाहा: दोन-अडीच वर्षांचा भावी राष्ट्राध्यक्ष, लांब केस आणि पांढरा झगा. रंग आले तेव्हाही एकमत नव्हते. जून १९१८ मध्ये अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने सल्ला दिला, की गुलाबी हा ठाम रंग, तो मुलांसाठी. निळा नाजूक, तो मुलींसाठी. १९२७ मध्ये टाइम साप्ताहिकाने मोठ्या दुकानांची तुलना छापली, तर काही दुकाने गुलाबी मुलांना सुचवत होती, काही मुलींना. आजची वाटणी पक्की झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि ती करणारा कोणी राजा किंवा धर्मगुरू नव्हता. कपड्यांचा बाजार होता. कारण उघड आहे. थोरल्या मुलीचे कपडे धाकट्या मुलाला चालेनासे झाले, की दुप्पट विक्री.

त्याच वाटणीवर २००८ मध्ये अमेरिकेत एक नवा सोहळा उभा राहिला. एका ब्लॉगलेखिकेने केक कापून, आतील थराच्या रंगावरून, पोटातील बाळ मुलगी असल्याचे जाहीर केले. केकची जागा लवकरच फुग्याने घेतली: मोठा काळा, अपारदर्शक फुगा, आत गुलाबी किंवा निळे कागदाचे कपटे, टाचणी लावायची आणि उत्तर अंगावर झेलायचे. हॉस्पिटलमधून आलेला बंद लखोटा थेट सजावटवाल्याकडे जातो. आईबापांनाही आधी कळत नाही. त्या मूळ लेखिकेने २०१९ मध्ये या प्रथेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, पण तोवर फुगा तिच्या हातून सुटला होता.

आपल्याकडे ही सजावट आली, आणि डोहाळजेवणाच्या झोपाळ्यामागे निळी-गुलाबी कमान उभी राहू लागली. ती आली तेव्हा तिची जागा येथे आधीच तयार होती. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भवतीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. कौतुकाचा, हसण्याखिदळण्याचा खेळ. पण त्या खेळाच्या भोवती जे घडले ते खेळ नव्हते. गर्भजलपरीक्षा आणि पुढे सोनोग्राफी आली, आणि वाटीचा अंदाज यंत्राच्या उत्तराने घेतला. ते उत्तर 'बर्फी' असले की गर्भ पाडला जाऊ लागला. १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९८८ मध्ये प्रसूतिपूर्व तपासण्यांवर निर्बंध घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली.

त्या केंद्रीय कायद्याच्या पाचव्या कलमातील एक तरतूद या धाग्याच्या वाचकांनी अवश्य पाहावी. गर्भाचे लिंग गर्भवतीला, तिच्या नातलगांना किंवा अन्य कोणालाही शब्दांनी, खुणांनी वा दुसऱ्या कोणत्याही रीतीने सांगण्यास मनाई आहे. खुणांनी! निळा फुगा ही खूण नव्हे तर दुसरे काय? अमेरिकेत सजावटवाल्याकडे जाणारा तो लखोटा आपल्याकडे देणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवू शकतो. रंगाच्या भाषेची एवढी गंभीर दखल घेणारे कायदे जगात फार नसावेत. म्हणून येथील कमानीत चौकडीचे दोन फुगे निळे, दोन गुलाबी, आणि काळा फुगा नाही.

जाता जाता सजावट करणाऱ्यांसाठी एक निरीक्षण. डोहाळजेवणाचे स्वतःचे रंग आपल्याकडे आधीपासून आहेत: हिरवी साडी, हिरवा चुडा आणि अंगावर मोगऱ्याच्या किंवा शेवंतीच्या पांढऱ्या फुलांची वाडी. हिरवा आणि पांढरा. युरोपीय ढालींच्या भाषेत सांगायचे तर एक रंग, एक धातू. घोडेस्वारालाही दुरून स्वच्छ दिसेल अशी जोडी. चौकड्या तशाच बांधायच्या, पीळही तसाच चढतो.